घरचं नेट सिमवर असेल, तर बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायला तिसऱ्या कंपनीची मध्यस्थी घ्यावी का?

खटपट्या
माझं मत: घेऊ नये.

राऊटर सिमवर चालत असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगमागे (बाहेरून आलेलं कनेक्शन राऊटरने घरातल्या यंत्राकडे वळवणं) वेळ घालवू नका. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राऊटरला मोबाइल कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता बरेच ग्राहक वाटून घेतात, त्यामुळे तुम्ही आपल्या राऊटरवर पोर्ट उघडलात तरी त्याच्या वरचा दरवाजा मोबाइल कंपनीच्या ताब्यात. डायनॅमिक डीएनएसही (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सोय) त्या सामायिक पत्त्याकडेच बोट दाखवणार. म्हणजे कनेक्शन घरातूनच बाहेर निघालं पाहिजे.

पण ते जोडायचं कुणाला? जो तो टेलस्केल नाहीतर क्लाउडफ्लेअर टनेल सुचवतो, म्हणजे मधे राहून जोडणी करून देणाऱ्या कंपन्यांच्या सेवा. स्वतःच्या घरात शिरायला दुसऱ्याच्या खात्यात लॉगिन करायचं, हे मला पटत नाही. लहानसा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) भाड्याने घ्या, त्यावर वायरगार्ड (कुलूपबंद बोगदा, म्हणजे व्हीपीएन, तयार करणारं सॉफ्टवेअर) टाका, घरचा राऊटर आणि मोबाइल दोन्ही त्याला जोडा. विषय संपला.

सौदामिनी
साफ असहमत. आधी त्या दोन सेवा एका माळेत ओवू नका. क्लाउडफ्लेअर टनेलमधून वेबपान उघडलं की टीएलएस (पानाचं कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन) त्यांच्या सर्व्हरवर सुटतं, मजकूर त्यांना दिसू शकतो. टेलस्केलमध्ये प्रायव्हेट की (कुलूप उघडणारी गुप्त किल्ली) तुमच्या डिव्हाइसवरच राहते. थेट जोडणी जमली नाही तर डेटा त्यांच्या रिलेमधून (मधल्या सर्व्हरमधून) जातो, पण कुलूपबंदच.

आता तुमचा व्हीपीएस. मोबाइलचा बोगदा तिथे संपतो, घरचा तिथून सुरू होतो. मधे पॅकेट उघडं होतं, आणि ते मशीन भाड्याचं! मध्यस्थ टाळायला निघालात आणि जास्त बघू शकणारा मध्यस्थ घेऊन आलात. वर त्याचे अपडेट कोण करणार?

खटपट्या
मुद्दा बरोबर, पण उपाय आहे. व्हीपीएसवरून नुसते यूडीपी पॅकेट (वायरगार्डचा डेटा ज्यातून जातो ते) न उघडता पुढे ढकला आणि मोबाइल ते घर असा वायरगार्ड आतून चालवा. मग व्हीपीएसला काही वाचता येत नाही. उलट टेलस्केलमध्ये कुणाची पब्लिक की (प्रायव्हेट कीची उघड जोडी, जिच्यावरून डिव्हाइस ओळखलं जातं) कुणाला द्यायची हे त्यांचा सर्व्हर ठरवतो. त्याने गुपचूप एक परकं डिव्हाइस घुसवलं तर?

सौदामिनी
त्यासाठी टेलस्केलचीच टेलनेट लॉक ही सोय आहे. नवीन डिव्हाइसवर तुमच्याच जुन्या डिव्हाइसची सही लागते. तेही नको असेल तर हेडस्केल (टेलस्केलच्या त्या सर्व्हरचा मुक्त पर्याय) स्वतः चालवा. पण घरात वापरणारी चार माणसं असतात हो. बोगद्यातल्या बोगद्याची दुरुस्ती त्यांना फोनवर समजावून दाखवा, मग बोलू.

अर्धविराम
दोघंही आयपीव्ही६ (भरपूर पत्ते असलेली नवी इंटरनेट पत्ता-पद्धत) विसरलात. बऱ्याच मोबाइल नेटवर्कवर ते मिळतं, आणि तिथे पत्ता वाटून घ्यायची गरजच नाही. घरी आणि हातातल्या फोनवर दोन्हीकडे असेल तर मधे कुणीच नको.

खटपट्या
@अर्धविराम, कागदावर. बाहेरून येणारं कनेक्शन पुष्कळदा मोबाइल कंपनीचं फायरवॉलच अडवतं. सिम पुन्हा जोडलं की प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलू शकतो. आणि तुम्ही बसलात ते वायफाय फक्त जुन्या आयपीव्ही४ वालं निघालं की झालं.

अर्धविराम
अडवतं की नाही ते तपासायला पाच मिनिटं लागतात. न तपासता व्हीपीएसचं भाडं का भरायचं?

मिश्कील
मुळात बघायचंय काय? २ एमबीपीएसचा कॅमेरा तासभर पाहिला तर सिमवरचा साधारण ०.९ जीबी जातो, तेही अपलोडमध्ये, जिथे सिम आधीच अडखळतं. वायरगार्डचं दर २५ सेकंदांचं कीपअलाइव्ह (बोगदा चालू ठेवणारं छोटं पॅकेट) त्यापुढे काहीच नाही, दिवसाचा एक एमबीही होत नाही. फक्त हालचाल झाल्यावर फोटो हवा असेल तर घरच्या यंत्राला तो पाठवू द्या. आत शिरायची गरजच उरत नाही.

अवांतर: राऊटर हँग झाला की तुमचे सगळे बोगदे सारखेच बंद. त्याच्या प्लगला आधी टायमर लावा, रोज पहाटे बंद-चालू करणारा.

सौदामिनी
टायमरला +१. बाकी मी टेलस्केलवरच.

खटपट्या
टायमर लावतो. व्हीपीएस सोडत नाही.