उंची नेमकी कुठून मोजायची?

काही जण म्हणतात की समुद्राच्या तळावरच्या पायथ्यापासून मोजलं तर हवाई बेटावरचा मौना केआ हा डोंगर दहा हजार मीटरच्या पुढे जातो, म्हणजे एव्हरेस्टचा पहिला नंबर खोटा. मान्य, पण तळ कुठला धरायचा? त्या डोंगराच्या वजनाने समुद्राचा तळच खाली दबलाय! शिवाय हाच न्याय लावला तर अलास्कातला डेनालीही एव्हरेस्टला मागे टाकतो. कारण एव्हरेस्ट आधीच तिबेटच्या उंच पठाराच्या कडेवर चढून बसलाय, त्यामुळे पायथ्यापासून त्याची उंची कमी भरते.

पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर इक्वेडोरचा चिंबोराझो (समुद्रसपाटीपासून ६२६३ मीटर) जिंकतो. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर असल्याने त्याचा माथा एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटर दूर पडतो.

मला खरी गंमत वाटते ती समुद्रसपाटीची. एव्हरेस्टखाली समुद्र आहेच कुठे? तिथली सपाटी गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांवरून गणिताने काढावी लागते. त्यात पुन्हा बर्फ धरायचा की नाही हा वाद. २००५ साली चीनने फक्त खडक धरून ८८४४.४३ मीटर सांगितले, नेपाळ बर्फासकट ८८४८ वर अडून होता. शेवटी २०२० मध्ये दोघांनी मिळून ८८४८.८६ जाहीर केले, बर्फ धरूनच.