इंग्रजी शब्दाचा अर्थ मुळात शोधावा की वापरात?

मूळशोध्या
माझी भाची अकरावी विज्ञान शाखेत आहे. जीवशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर तिने इंग्रजी संज्ञा आणि त्यांचे अर्थ ओळीने लिहून काढले असून रोज सकाळी ती ते पाढ्यांसारखे घोकते. मी तिला सांगितले, की ‘हेपार’ म्हणजे यकृत, ‘नेफ्रोस’ म्हणजे मूत्रपिंड आणि ‘आयटिस’ म्हणजे दाह, एवढे तीन तुकडे ध्यानात ठेवलेस तर निम्मे पान पाठ करावेच लागणार नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की इंग्रजीतला अवघड शब्द, मग तो शास्त्रीय असो वा जुनाट, मुळापासूनच शिकवावा. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २९६ मध्ये ‘एस्चीट’ हा शब्द आहे. बेवारस मालमत्ता सरकारजमा होणे हा त्याचा अर्थ. पण मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हे काम करणारे राजाचे अंमलदार इतके लबाड समजले जात, की ‘चीट’ म्हणजे फसवणे हा शब्द त्यातूनच निघाला. एकदा हे ऐकले की दोन्ही शब्द विसरणे कठीण!

काचनळी
गोष्ट म्हणून छान आहे, पण गोष्ट लक्षात राहणे आणि अर्थ कळणे यांत फरक आहे. मी रसायनशास्त्र शिकवते. ‘ऑक्सिजन’ची फोड केली तर ‘आम्ल निर्माण करणारा’ असा अर्थ निघतो, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतोच अशी, हे नाव देणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांची समजूत होती. पुढे १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी दाखवून दिले, की आज आपण ज्याला हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतो त्यात ऑक्सिजनचा अंशही नाही. समजूत गेली, नाव राहिले. ‘मलेरिया’ हा शब्द इटालियन, अर्थ ‘वाईट हवा’. आणि रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला या रोगाचा परजीवी सापडला तो डासाच्या पोटात. त्यापेक्षा आपला ‘हिवताप’ बरा, तो कारण सांगायला जात नाही, रोग्याला काय होते तेवढेच सांगतो. आणि तुमच्या ‘आयटिस’विषयी सांगायचे तर ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दाह नव्हताच, ‘अमुक अवयवाचा’ एवढाच होता. दाह हा अर्थ वैद्यांच्या वापरातून नंतर चिकटला. म्हणजे भाचीला तुम्ही मूळ म्हणून जे दिले, तो वापरच आहे.

पानउलट्या
शास्त्रीय शब्दांपुरते काचनळीताईंचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु जुन्या शब्दांची जात वेगळी आहे. घरातला पासपोर्ट काढून राष्ट्रपतींच्या नावे केलेली विनंती वाचा. धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावे, असे तिथे म्हटले आहे. शाळेत आपण ‘लेट’ म्हणजे ‘मुभा देणे’ असे शिकलो. मग मुभेवाचून जाऊ द्यायचे की काय? जुन्या इंग्रजीत ‘अडवणे’ आणि ‘मुभा देणे’ अशी दोन स्वतंत्र क्रियापदे होती, ती झिजत झिजत एकसारखी दिसू लागली आणि त्यांतले अडवण्याचे क्रियापद वापरातून जवळजवळ गेले. ते आता कायद्याच्या भाषेत तग धरून आहे आणि टेनिसमध्ये, सर्व्हिसचा चेंडू जाळ्याला लागून पलीकडे पडला की पंच जो ‘लेट’ पुकारतात त्यात. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही येशू शिष्यांना मुलांविषयी ‘सफर’ (suffer, आजचा अर्थ ‘सोसणे’) असे म्हणतो, तेव्हा त्याला ‘येऊ द्या’ असेच म्हणायचे असते. इथे आजचा वापर पुढे केला तर अर्थाचा अनर्थ होतो.

मूळशोध्या
मग हे माझ्याच बाजूचे झाले!

काचनळी
अजिबात नाही. दोन्ही ‘लेट’ची मुळे तोंडपाठ असली, तरी पासपोर्टात त्यांतला कोणता आहे हे शेजारच्या ‘हिंडरन्स’नेच कळते. मूळ दोन पर्याय पुढे ठेवते, निवड वाक्य करते.

खिळेजुळारी
ताई, मुळाचा एक उपयोग तुमच्या नजरेतून निसटला. वेबस्टरच्या थोरल्या कोशाच्या १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला, अर्थ ‘घनता’. असा शब्द इंग्रजीत कधी नव्हताच. घनतेसाठी थोरला किंवा धाकटा ‘डी’ वापरावा, अशा अर्थाची ‘डी ऑर डी’ (D or d) ही चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि अक्षरे जोडून वाचली गेली. १९३९ मध्ये एका संपादकाला ती चूक दिसली, कारण त्या नोंदीपुढे व्युत्पत्तीच नव्हती. जन्म छपाईत गेल्यामुळे मला या शब्दाविषयी जरा ममताच वाटते, ते सोडा. पण व्युत्पत्ती अर्थ सांगत नसेल, तोतया मात्र पकडून देते.

काचनळी
तोतया पकडायला ती उपयोगी पडते, हे मान्य. पण खऱ्या शब्दांचे काय? हिंदी माध्यमातून आलेल्या एका मुलाने माझ्या वर्गात ‘पाण्याचा अणू’ असे लिहिले आणि मी लाल रेघ मारली. तो हिरमुसला, कारण हिंदीत ‘अणु’ म्हणजे आपला रेणू आणि आपल्या अणूला ते ‘परमाणु’ म्हणतात. शब्द एकच, संस्कृतातून आलेला, मूळ अर्थ ‘अतिसूक्ष्म’. आता या मुळाच्या आधारे त्याचे गुण कापायचे की द्यायचे, ते मूळशोध्यांनी सांगावे.

मूळशोध्या
गुण द्या. मात्र मी भाचीच्या वहीतला एकच शब्द बदलणार आहे. ‘आयटिस’पुढचे ‘मूळ’ खोडून ‘वापर’ लिहितो. बाकीचे पान तसेच राहील.