मदत हवी आहे: गोष्टीतलं 'इथे' नक्की कोणाचं?
मंडळी, एक कथा लिहितेय आणि तीन दिवस एकाच जागी अडले आहे. 'तिने दार ढकललं. इथे कोणीच नव्हतं.' निवेदन तृतीयपुरुषी, भूतकाळातलं. 'तिथे' लिहिलं की मी लांब उभी राहून सांगतेय असं वाटतं, 'इथे' लिहिलं की थेट तिच्या डोळ्यांतून दिसतं. मला 'इथे' आवडतंय, पण खटकतंही.

कार्ल ब्यूलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३४ साली मांडलं होतं की 'मी, इथे, आत्ता' हा बोलणाऱ्याचा शून्यबिंदू. बाकीचं सगळं तिथून मोजायचं. पटतं. पण मराठीत हा बिंदू फार पटकन सरकतो. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' यातला 'मी' म्हणजे तोच, निवेदक नव्हे! (निघतानासुद्धा आपण 'येतो' म्हणतो, ती भानगड वेगळीच.)

त्यात एका मैत्रिणीने मसुदा तपासताना सगळीकडे 'आपण'चं 'आम्ही' केलं. सासू सुनेला म्हणते, 'आपण निघू या.' तिथे 'आम्ही निघतो' झालं आणि सून घरीच राहिली! ते मी परत फिरवलंय.

तर प्रश्न असे: एकाच परिच्छेदात 'इथे' आणि 'तिथे' दोन्ही आले तर वाचताना अडखळायला होतं का? आणि 'उद्या तिची परीक्षा होती' हे चालेल, की 'दुसऱ्या दिवशी'च हवं? नियमापेक्षा तुमच्या कानाला काय वाटतं ते सांगा.