मदत हवी आहे: जानेवारीत डब्लिन–नॅशव्हिल, ए३२१एक्सएलआर तेलासाठी मध्येच उतरेल का?

सातवी_रांग:
दोन ज्येष्ठ नागरिकांना जानेवारीत डब्लिनहून नॅशव्हिलला पाठवायचं आहे. एक पर्याय थेट, आयर्लंडच्या एअर लिंगसच्या ए३२१एक्सएलआरने, म्हणजे एअरबसच्या लांब पल्ल्याच्या छोट्या विमानाने. दुसरा मोठ्या विमानाने शिकागो आणि तिथून पुढे. एक्सएलआरचा पल्ला ४,७०० नॉटिकल मैल, हे अंतर जेमतेम ३,३८०. कागदावर १,३०० मैल उरतात. पण २०११-१२च्या हिवाळ्यात युरोपातून अमेरिकेला जाणारी बोइंग ७५७ विमानं कॅनडातल्या गँडर, गूझ बेला तेलासाठी उतरत होती, आणि कागदावर पल्ला त्यांनाही पुरत होता. तसं इथे होईल का? शेपटीकडच्या टाकीबद्दलही उलटसुलट वाचलंय.

उलटा_वारा:
तुमचे १,३०० मैल वारा खातो. हिशोब असा. हे विमान साधारण मॅक ०.७८ ने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.७८ पटीने जातं; हवेच्या सापेक्ष सुमारे ४५० नॉट (तासाला तेवढे नॉटिकल मैल). नकाशावरची सरळ रेघ मिळत नाही, म्हणून मार्ग ३,५०० मैल धरा.

पूर्ण वाटेवर सरासरी ७० नॉट समोरचा वारा असेल, तर जमिनीवरचा वेग ३८०, वेळ सव्वानऊ तास. तेवढ्या वेळात विमान हवेतून ४,१५०च्या आसपास मैल कापतं, आणि तेल या मैलांना लागतं, नकाशावरच्या नव्हे. वारा १०० नॉट झाला की दहा तास आणि ४,५०० मैल. अशी सरासरी रोज नसते, पण जानेवारीत एखाद्या दिवशी येते.

४,७०० हा एअरबसचा आकडा: ठरावीक भार, राखीव तेल बाजूला, वारा शून्य. म्हणजे वाईट दिवशीही जमतं, पण काठावर. आधीच्या ए३२१एलआरचा पल्ला ४,०००; ती या मार्गावर भरगच्च भरून ७० नॉटलाच अडली असती. माद्रिद–बॉस्टन (२,९५० मैल) मात्र त्या मानाने आरामाचं. इबेरियाने १४ नोव्हेंबर २०२४ला एक्सएलआरची पहिली अटलांटिक फेरी तिथेच केली, त्यात नवल नाही.

डिस्पॅच_टेबल:
वरच्या हिशोबात भर. तेल कमी पडणार हे बहुतेक वेळा आकाशात कळत नाही, निघण्याआधी काही तास, उड्डाणाची आखणी करणाऱ्यांच्या (डिस्पॅच) टेबलावरच कळतं. मग पहिली गोष्ट, मार्ग वाऱ्याच्या पट्ट्यापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकवायचा. चार मैल जास्त, पण वारा निम्मा. तेवढ्याने भागलं नाही तर कार्गो उतरवतात. शेवटी काही आसनं रिकामी ठेवतात. प्रवाशाला यातलं फक्त शेवटचं दिसतं.

आणखी एक युक्ती म्हणजे निर्णयबिंदू. युरोपीय नियमांत अनपेक्षित खर्चासाठी साधारणपणे प्रवासाच्या ५ टक्के तेल जास्त घ्यावं लागतं. वाटेतला एखादा विमानतळ, समजा गँडर, निर्णयासाठी ठरवला, तर हे ५ टक्के फक्त तिथून पुढच्या वाटेवर मोजता येतात. त्या बिंदूवर टाकीतलं तेल ठरल्याएवढं असेल तर पुढे, नाहीतर खाली. म्हणजे गँडरला उतरणं हा अपघात नसतो, निघतानाच मांडून ठेवलेला पर्याय असतो.

उलटा_वारा:
टाकीचं राहिलं. ती १२,९०० लिटरची, म्हणजे सुमारे १० टन. एलआरमध्ये सामानाच्या पोटात वेगळ्या जादा टाक्या बसवतात; इथे विमानाची कायाच टाकीची भिंत आहे. त्यामुळे जागा आणि वजन वाचतं. पण विमान पोटावर घसटत उतरलं आणि बाहेर आग लागली तर काय, हा प्रश्न युरोपच्या नियामकाने विचारला, बोइंगनेही हरकत नोंदवली. त्या भागाची रचना बळकट करावी लागली, आणि मंजुरी १९ जुलै २०२४ला मिळाली. कमाल उड्डाणवजन एलआरच्या ९७वरून १०१ टन झालं, म्हणून चाकांचा सांगाडाही मजबूत केलाय. टाकीपायी तिकीट बदलू नका.

केबिन_क्रमांक_दोन:
ज्येष्ठांसाठी मुद्दे वेगळे. ए३२०च्या घराण्यात (एक्सएलआर त्यातलीच) केबिनमधली हवा ८,००० फुटांवरच्या इतकी विरळ होऊ शकते. ७८७ आणि ए३५० या मोठ्या विमानांमध्ये ६,०००. श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना हा आकडा सांगा. आसनांमधली वाट एकच असल्याने जेवणाची गाडी फिरत असताना शौचालयाला जाणं अवघड, तेव्हा वाटेच्या बाजूची जागा घ्या आणि गाडी निघण्याआधीच उठा.

याउलट डब्लिनचा मोठा फायदा: अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम तिथेच होतं. नॅशव्हिलला देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर. डब्लिनहून शिकागोमार्गे गेलात तरी हा फायदा मिळतो, पण तिथे दुसरं विमान गाठावं लागतं. व्हीलचेअर दोन्हीकडे आधी नोंदवा.

सातवी_रांग:
धन्यवाद. आयत्या वेळी एलआर लावली नाही हे कसं ओळखायचं? विमानांचा माग दाखवणाऱ्या ट्रॅकरवर तर नुसता ए२१एन हा कोड दिसतो.

डिस्पॅच_टेबल:
तो कोड साध्या ए३२१निओ, एलआर, एक्सएलआर तिन्हींना एकच. नोंदणी क्रमांक शोधा, किंवा आसननकाशा बघा: एअर लिंगसच्या एक्सएलआरमध्ये १८४ जागा, त्यातल्या १६ बिझनेसच्या. त्याच ट्रॅकरवर याच फेरीचे मागचे दोन-तीन आठवडे उघडा आणि वेळ बघा. नऊ तासांपुढच्या फेऱ्या किती, मध्ये कुठे उतरलं का, हे दहा मिनिटांत दिसेल.

मोठं_पोट:
म्हणजे आता अटलांटिकवर मोठी विमानं संपली म्हणायची!

उलटा_वारा:
नाही हो. हीथ्रोसारख्या ठिकाणी स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, मोजके. तिथे एका स्लॉटमध्ये १८४ माणसं नेण्यापेक्षा ३०० न्यायची. कार्गोही मोठ्या पोटातच. एक्सएलआर चालणार ती नॅशव्हिल, इंडियानापोलिससारख्या ठिकाणी, जिथे रोज ३०० माणसं मिळत नाहीत. ७५७चं उत्पादन २००४ला थांबलं, बोइंगने मधल्या आकाराचा आराखडा २०२०मध्ये गुंडाळला, म्हणून या जागी आज दुसरं विमानच नाही. युनायटेड आणि अमेरिकन या दोघांनीही प्रत्येकी ५० मागवलीत ती याचसाठी.