संगीतकारानं स्वतः गाळलेलं वाद्य रेकॉर्डिंगमध्ये परत आणावं का?

कोमल_ऋषभ (धागाकर्ती)

पावेल हास क्वार्टेट या चौकडीची (चार वादकांचा गट) सुप्राफोन कंपनीनं काढलेली २००६ ची सीडी परवा पुन्हा ऐकली आणि जुनी कुरबुर पुन्हा वर आली. सीडीत दोनच कृती आहेत: लेओश यानाचेकचा दुसरा स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीची कृती) 'अंतरंग पत्रं' (१९२८) आणि त्याचाच शिष्य पावेल हास याचा दुसरा क्वार्टेट 'माकडडोंगरांतून' (१९२५). दोघेही ब्रनो या चेक शहरातले. योगायोग असा, की दोन्ही कृतींतून एकेक वाद्य संगीतकारानंच काढून टाकलं होतं.

यानाचेकनं व्हायोलाच्या (व्हायोलिनचा थोरला, खर्जातला भाऊ) जागी आधी व्हायोला द'आमोरे योजलं होतं. आपल्या सारंगीसारख्या तरफा (आपोआप गुंजणाऱ्या जादा तारा) असलेलं, पण हनुवटीखाली धरून वाजवायचं जुनं वाद्य. कामिला स्टोस्लोव्हा या त्याच्याहून ३७ वर्षांनी लहान विवाहित स्त्रीवरच्या प्रेमापोटी हा क्वार्टेट जन्मला, आणि वाद्याच्या नावात प्रेम आहे म्हणून ते हवं होतं. तालमीत जमेना, तेव्हा त्यानं साधा व्हायोला घेतला. हासनं शेवटच्या 'वादळी रात्र' या भागात चक्क जॅझची तालवाद्यं घातली होती. १९२६ च्या पहिल्या प्रयोगानंतर टीका झाली आणि ती त्यानं काढली.

आता गंमत बघा. या सीडीत यानाचेक साध्या व्हायोलावर आहे, म्हणजे त्याची काटछाट मान्य. हासमध्ये मात्र कॉलिन करी तालवाद्यं वाजवतोय, म्हणजे त्याची काटछाट अमान्य. एकाच सीडीत दोन न्याय कसे? माझं मत स्पष्ट आहे: कर्त्यानं काढलं ते काढलं. मैफलीत हौस म्हणून वाजवा, पण रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं टिकतं, नवा श्रोता तेच मूळ समजून बसतो.

तिरकिट

पूर्ण असहमत. दोन न्याय आहेत कारण दोन खटले वेगळे आहेत. यानाचेकनं कानानं ऐकून निर्णय घेतला. मोरावियन क्वार्टेटनं त्याला १९२८ च्या मे-जूनमध्ये वाजवून दाखवलं, त्यानं ऐकलं, बदललं. हासनं लोकांची बोलणी खाऊन बदललं. २६ वर्षांचा मुलगा, ब्रनोसारख्या गावात चेंबर म्युझिकच्या मंचावर ड्रम आणतो, समीक्षक नाकं मुरडतात, तो माघार घेतो. त्या माघारीला 'कर्त्याची इच्छा' म्हणणं मला जड जातं.

आणि ती तालवाद्यं ऐकलीत ना? दुसऱ्या भागात घोडागाडीची करकर चारही वाद्यं घसरत्या सुरांत काढतात, तिथूनच हा माणूस चौकडीच्या चौकटीबाहेर डोकावतोय. शेवटच्या भागात ड्रम आल्यावर ते डोकावणं पूर्ण होतं. ड्रमशिवाय 'वादळी रात्र' मला नेहमी अर्ध्यावर थांबल्यासारखी वाटते.

कोमल_ऋषभ

तिरकिटराव, हास १९४१ च्या डिसेंबरपर्यंत ब्रनोत मोकळा होता. म्हणजे १५ वर्षं. १९३८ मध्ये त्यानं तिसरा क्वार्टेट लिहिला, त्यात एकही ड्रम नाही. मनात सल असता तर दुसऱ्यात परत घातले असते. बोलणी खाल्ल्यावर माणसाला 'खरंच की' असंही वाटू शकतं. समीक्षक कधीकधी बरोबर असतात, हे इथल्या मंडळींना पटणार नाही म्हणा.

तिरकिट

१५ वर्षांत त्याला ऑपेरा लिहायचा होता, सिनेमाला संगीत द्यायचं होतं, पोट भरायचं होतं. जुना क्वार्टेट उकरून भांडायला कोणाला वेळ असतो? मग तेरेझिनची नाझी छावणी, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झमध्ये मृत्यू. त्याचं शेवटचं म्हणणं आपल्याला मिळालेलंच नाही. अशा माणसाच्या बाबतीत तरी जे काही त्यानं लिहिलं ते सगळं ऐकू द्या.

खर्जातला

तेरेझिन मध्ये आणलंत की वाद संपतो, कारण पुढे कोणी बोलूच शकत नाही. कृपया नको. कृती १९२५ ची आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीतली, व्हिसोचिनाच्या डोंगरांतली. मजेत लिहिलेली. तिला मृत्यूच्या चष्म्यातून ऐकणं हा हासवर अन्यायच आहे.

गजकर

मी हौशी व्हायोलावाला, म्हणून यानाचेकबद्दलच बोलतो. पहिल्या भागात सुरुवातीच्या जोरकस वाक्यानंतर व्हायोला एकटा येतो, गज अगदी घोडीपाशी. काचेवर नख ओढावं तसा थंड, पातळ आवाज. कामिलाला पहिल्यांदा पाहिलं त्या क्षणाचं हे चित्र, असं यानाचेकनं तिलाच पत्रात कळवलं होतं. साध्या व्हायोलावर तिथं अंगावर काटा येतो. व्हायोला द'आमोरेवर तोच सूर मऊ पडतो, मागे तरफांचं धुकं येतं. छान लागतं, पण भीती जाते. तरफा रिवाजानं डी मेजर या स्वरपट्टीच्या अंगानं मिळवतात आणि हा क्वार्टेट ओढ घेतो डी फ्लॅट या वेगळ्याच पट्टीकडे. म्हणजे ज्या गुंजेसाठी हे वाद्य घ्यायचं तीच पुरेशी मिळत नाही. शिवाय बाकी तिघं जोरात असली की ते बुडतं.

हे वाद्य त्याला नवं होतं असंही नाही. 'काट्या काबानोवा' आणि 'मॅक्रोपुलोस' या ऑपेरांमध्ये त्यानं ते वापरलंय. ७३ वर्षांच्या, मुरलेल्या माणसानं तालमीत ऐकून ठरवलं की इथं नको. मला एवढं पुरे आहे.

सुमनकाकू

गजकरा, बुडतं ते खोलीत. स्टुडिओत माइक जवळ घेतला की नाही बुडत. मँडेलरिंग क्वार्टेटनं हा क्वार्टेट दोन्ही रूपांत ध्वनिमुद्रित केलाय, व्हायोला द'आमोरेवर गुंटर टॉयफेल आहेत. सगळं स्पष्ट ऐकू येतं. यानाचेकची अडचण १९२८ च्या खोलीची होती. ती अडचण आता नसेल तर पहिली इच्छा का बघू नये? आणि दोन्ही रूपं शेजारी ठेवली की कोमलच्या नव्या श्रोत्याची फसवणूकही होत नाही.

बेटोफेनचंही तेच. ओपस १३० (कृती क्रमांक १३०) या क्वार्टेटचा शेवट म्हणून लिहिलेला 'ग्रोसे फूगे', म्हणजे मोठा फ्यूग (एकच धून आळीपाळीनं एकेका वाद्यात गुंफायचा प्रकार), १८२६ मध्ये प्रकाशकाच्या आग्रहानं बाजूला ठेवला, नवा शेवट लिहिला. आज किती चौकड्या फ्यूग परत जोडून वाजवतात, तेव्हा कोणी धागा काढत नाही.

कोमल_ऋषभ

काकू, तो फ्यूग बेटोफेननं टाकला नाही, ओपस १३३ म्हणून वेगळा छापायला मान्यता दिली. घरातून काढलेलं आणि वेगळा संसार थाटून दिलेलं यात फरक आहे :)

माइकचा मुद्दा मात्र मला उलटाच वाटतो. चार माणसं एका खोलीत एकमेकांना सांभाळून वाजवतात, तोल त्यांच्या हातात असतो, ही तर चौकडीची मजा. एकाला यंत्रानं उचलून धरलं तर तो तोल ध्वनिमुद्रकाचा झाला.

आणखी एक. यानाचेकनं आधी या क्वार्टेटला 'प्रेमपत्रं' म्हटलं होतं, मग आपल्या भावना मूर्खांच्या हवाली नकोत म्हणून नाव बदललं. मला वाटतं, वाद्य गेलं त्यातही थोडं हेच असणार. आज कोणी कव्हरवर 'प्रेमपत्रं' छापत नाही. मग जुनं वाद्यच कशाला?

खर्जातला

कव्हरवर 'प्रेमपत्रं' छापत नाहीत, पण आतल्या पुस्तिकेत चार पानं कामिलाच असते. ७०० पत्रं, लुहाचोविचे गावातली १९१७ ची पहिली भेट. संगीताबद्दल दोन ओळी. व्हायोला द'आमोरेवाली आवृत्ती विकली जाते ती या कथेवर, हे माझं प्रामाणिक मत. हासच्या ड्रममागे निदान सांगीतिक कारण आहे. त्या भागाची लय नाचाची आहे, तिला ठोका मानवतो.

म्हणून मी तिरकिटच्या बाजूनं हासमध्ये आणि कोमलच्या बाजूनं यानाचेकमध्ये. सीडीतही नेमकं हेच केलंय, त्यामुळे मला दोन न्याय वगैरे काही दिसत नाही.

सुमनकाकू

पुस्तिकेचा राग वाद्यावर काढू नकोस रे. त्या गुणी वाद्यासाठी लिहिणारे आधीच कमी.

गजकर

काकू, एक विचारतो. मँडेलरिंगच्या दोन रूपांपैकी तुम्ही स्वतः पुन्हा कोणतं लावता?

सुमनकाकू

तिसरा भाग द'आमोरेवर. बाकी साध्यावर. हसू नका.

तिरकिट

म्हणजे तिसरीच आवृत्ती काढलीत तुम्ही! कोमलताई, आता यावर वेगळा धागा काढा, इथं काश्मीरसारखा न संपणारा वाद होईल.