‘लेव्हल’ला एकच मराठी शब्द पुरेल का?

अनुवादिका: व्हिडिओ गेमच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडकलेय. पाचव्या लेव्हलचा जादूगार तिसऱ्या लेव्हलचा मंत्र टाकतो, तोही भुयाराच्या चौथ्या लेव्हलवर. मी तिन्हीकडे ‘पातळी’ लिहिलं. संपादक म्हणाले, वाचकाला काही उमगणार नाही. काय करू?

फासेवाला: हा घोळ ज्यांनी घातला त्यांनाही तो ठाऊक होता! ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून, एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ १९७४चा. १९७८च्या खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकात त्याच्या कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनी लिहिलंय की पात्रासाठी ‘रँक’, मंत्रासाठी ‘पॉवर’, राक्षसांसाठी ‘ऑर्डर’ असे वेगळे शब्द घ्यायचा विचार होता. पण तोवर खेळणाऱ्यांच्या तोंडी ‘लेव्हल’ बसलं होतं, म्हणून तेच ठेवलं. पुढे व्हिडिओ गेमनी ते आयतं उचललं.

शब्दपारखी: मग त्यांनी सोडून दिलेलं काम आपण करू. पात्राची इयत्ता, मंत्राची श्रेणी, भुयाराचा थर. तिन्ही शब्द घरचे आहेत.

फासेवाला: ‘पाचव्या इयत्तेतला जादूगार’ म्हटलं की पाठीवर दप्तर दिसतं हो. खेळणारा कुणीही असं बोलत नाही. ‘लेव्हल वाढली’ हेच मराठी झालंय.

रात्रपाळी: १९८०चा ‘रोग’ (Rogue) हा भुयारात उतरायचा संगणकावरचा खेळ मी पुष्कळ खेळलोय. पडद्याच्या तळाशी एकच ओळ असते: लेव्हल, सोनं, प्राण, ताकद, चिलखत, अनुभव. तिथे ‘लेव्हल’ म्हणजे तुम्ही किती खोल उतरलात ते. तुम्ही स्वतः किती वाढलात ते ‘अनुभव’पुढे. सुरुवातीला दोन्हीकडे १ असतो, तरी कधी गल्लत झाली नाही. शेजारचा शब्द अर्थ सांगतो.

अनुवादिका: तुम्ही खेळलात म्हणून. माझा वाचक खेळलेला नाही.

जुनी पोथी: ‘पातळी’च ठेवा. मला हा शब्द कायम पाताळाच्या कुळातला वाटत आलाय, आणि इथे तर खालीच उतरायचंय.

शब्दपारखी: पाताळ कुठून आणलंत? पाण्याची पातळी वरही चढते. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जुळत नाही.

जुनी पोथी: शब्द वरचे खाली येतात, खालचे वर जातात. आपण ज्याला भुयार म्हणतोय तो ‘डन्जन’च बघा. मूळ फ्रेंच ‘दाँजाँ’ म्हणजे किल्ल्याचा मुख्य बुरूज. पुढे त्याच शब्दाचा अर्थ जमिनीखालची कोठडी झाला.

शब्दपारखी: मग ‘भुयार’ तरी का? सरळ ‘अंधारकोठडी’ म्हणा.

फासेवाला: अजिबात नको! अंधारकोठडीत माणसाला डांबतात. इथे चार जण मशाल घेऊन आपणहून शिरतात.

रात्रपाळी: पण भुयार एकीकडून शिरून दुसरीकडे निघायला असतं. ‘रोग’मध्ये सव्विसाव्या थरावरून ताईत घेऊन पुन्हा वरच यावं लागतं. त्याला भुयार कसं म्हणायचं?

शब्दपारखी: तुम्ही आत्ता ‘थर’ म्हणालात.