डिझेल फिल्टर बदलल्यापासून आवाज, सर्व्हिस सेंटर म्हणतं वॉरंटीत बसत नाही

पोफळीकर
नमस्कार मंडळी. गाडी डिझेल, वॉरंटी अजून शिल्लक आहे. मागच्या सर्व्हिसिंगला डिझेल फिल्टर बदलला, तेव्हापासून बॉनेटखालून बारीक सुंईऽऽ असा आवाज येतो. सपाटीला एवढं जाणवत नाही, पण कुंभार्ली घाट चढताना वाढत जातो. सकाळी स्टार्टरही बराच वेळ मारावा लागतो. परवा चढावर गाडीने झटकाही खाल्ला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, फिल्टर वॉरंटीत येत नाही, पैसे भरा, दुसरा टाकतो. अहो, हा फिल्टर त्यांनीच टाकलाय! आईला तपासणीसाठी कराडला न्यावं लागतं, घाटात बंद पडली तर त्या माउलीला घेऊन कुठे उभा राहू? चिपळूणला ओळखीचा मेकॅनिक आहे, त्याच्याकडून बदलून घेऊ का?

मिरजेचा डिझेलवाला
दादा, वॉरंटी आहे तोवर बाहेर हात लावू देऊ नका. एकदा बाहेरचा पाना लागला की पुढच्या प्रत्येक बिघाडाचं खापर त्यावर फुटेल.

फिल्टर म्हणजे डब्यात घडी घातलेला कागद, तो स्वतः आवाज करत नाही. आवाज टाकीतून डिझेल ओढून इंजिनाला देणाऱ्या पंपाचा आहे. सकाळी उशिरा स्टार्ट होणं आणि चढावर झटका, ही दोन्ही लक्षणं जोडीला आहेत म्हणून माझा पहिला संशय हवेवर. फिल्टर बसवताना ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, चिमटली किंवा पाइपचा क्लिप पुरता बसला नाही, की लाइन हवा ओढते आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं. फिल्टर आणि पंपाच्या मधे तात्पुरता पारदर्शक पाइप लावून इंजिन चालू करायला सांगा. सारखे बुडबुडे दिसले तर निकाल लागला. हे त्यांनाच करू द्या. पंपाच्या पुढची लोखंडी नळी तर चालू इंजिनला कुणीच सोडायची नाही, कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, हजार बारच्या वर दाब असतो, डिझेलची धार कातडी फाडून आत जाते.

आता मुख्य गोष्ट. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना ते कामाची नोंद करतात त्या कागदावर, ‘फिल्टर बदलणे’ लिहू देऊ नका. तसं लिहिलंत की काम झिजणाऱ्या भागांत गेलं, बिल तुमचं. लक्षण लिहायला लावा: ‘फिल्टर बदलल्यापासून चढावर पंपाचा आवाज, सकाळी स्टार्टिंगला वेळ, झटका.’ मग कारण शोधणं त्यांच्या गळ्यात. पंप निघाला तर तो वॉरंटीतला भाग आहे, ओ-रिंग निघाली तर त्यांच्याच कामातली चूक. दोन्हीकडे तुम्ही पैसे देणं लागत नाही. वर्क्स मॅनेजरला शेजारी बसवून सेंटरजवळचाच एखादा छोटा चढ चालवून दाखवा आणि आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

सातारी गडी
डिझेलच्या पावत्या जपून ठेवा. ‘डिझेलात पाणी होतं’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर असतं. तसं म्हणालेच तर फिल्टरच्या तळाचं डिझेल तुमच्यासमोर काचेच्या बाटलीत काढायला सांगा. पाणी जड, थोड्या वेळात खाली वेगळं बसतं, डोळ्यांनी दिसतं. नसेल तर तो मुद्दा तिथेच संपला.

वकीलीण, पुणे
नकार तोंडी घेऊ नका. ‘कोणत्या अटीखाली नाकारता ते ईमेलवर कळवा’ एवढंच लिहा, कंपनीच्या कस्टमर केअरलाही त्याची प्रत पाठवा. तरी हलले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. सेवेतली त्रुटी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते आणि जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः जाता येतं, वकील लागतोच असं नाही.

पोफळीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारची वेळ घेतलीय, जॉब कार्ड डिझेलवाले दादा म्हणाले तसंच लिहून घेतो. तोवर आईला घेऊन एकदा घाट चढला तर चालेल का?

मिरजेचा डिझेलवाला
नको. पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. हवा ओढत चढावर जोर दिलात तर तो आतून खरवडतो आणि लोखंडाची कीस थेट इंजेक्टरमध्ये जाते. आईंना या वेळी एसटीने किंवा कुणाच्या गाडीतून न्या. आणि सोमवारीसुद्धा गाडी स्वतः चालवत नेऊ नका, रोडसाइड असिस्टन्स असेल तर टो करून न्यायला लावा.